जिअँट फोरमधला डिटेक्टर रूटमध्ये, फ्लूकामध्ये न्यायचाय? आधी त्याचं वजन करा

ग्रुपमध्ये नवीन आलेल्या माणसाच्या गळ्यात एक काम हमखास पडतं. "आपला जिअँट फोरमधला डिटेक्टर आहे ना, तो जरा रूटमध्ये आण, इव्हेंट डिस्प्लेला लागतोय." (जिअँट फोर म्हणजे कण पदार्थातून कसे जातात याचं सिम्युलेशन करणारा प्रोग्रॅम, रूट म्हणजे डेटा तपासायचा नि चित्रं काढायचा, आणि इव्हेंट डिस्प्ले म्हणजे डिटेक्टरमध्ये काय घडलं त्याचं चित्र.) ते होतंय न होतंय तोच रेडिएशनचं गणित करणारे येतात की आम्हाला तोच फ्लूकामध्ये, म्हणजे त्यांच्या सिम्युलेशनच्या प्रोग्रॅममध्ये, हवाय, आणि मेकॅनिकलवाले एक स्टेप फाइल, म्हणजे कॅडमधलं त्रिमिती ड्रॉइंग, पाठवून देतात नि म्हणतात यातूनच घ्या की सगळं. डिटेक्टर एकच, त्याची वर्णनं चार, आणि सहा महिन्यांनी कुणीतरी एका वर्णनात एक प्लेट सरकवतो नि बाकीच्या तिघांना पत्ताच नसतो.

हा लेख ज्यांना जिअँट फोर थोडंफार चालवता येतं, एखादं उदाहरण कंपाइल करून बघितलंय, पण भूमिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची वेळ पहिल्यांदाच आलीये अशांसाठी आहे. फाइल एक्सपोर्ट करणं हे दहा मिनिटांचं काम आहे, ते कुणीही करतं. पलीकडे पोचलेला डिटेक्टर तोच आहे का हे तपासणं हे खरं काम, आणि ते बहुतेक जण चित्र बघून उरकतात. चित्रात सगळं छान दिसतं हो, अर्ध्या मापाचा डिटेक्टरसुद्धा चित्रात छानच दिसतो.

(क्लासची, कमांडची, टॅगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच ती इंग्रजी अक्षरांत करायची.)

आधी कोण कुणाचा ते बघा

जिअँट फोर आणि रूट एकाच घराण्यातले. दोघांतही आधी एक आकार बनवायचा, म्हणजे बॉक्स, नळी, शंकू वगैरे, मग त्याला मटेरियल चिकटवून एक व्हॉल्यूम करायचं, आणि मग ते व्हॉल्यूम मोठ्या मदर व्हॉल्यूमच्या आत कुठे नि कसं फिरवून ठेवायचं ते सांगायचं, असं करत करत सगळ्यात बाहेर वर्ल्ड. म्हणजे झाड आहे ते. त्यामुळे या दोघांत देवाणघेवाण सोपी जाते.

फ्लूका आणि एमसीएनपी (रेडिएशनच्या गणिताचा असाच आणखी एक प्रोग्रॅम) वेगळ्या घराण्यातले. तिथे पृष्ठभाग किंवा बॉडी घ्यायच्या, काही तर अनंत पसरलेली प्रतलं, आणि अधिक-उणे करून रीजन किंवा सेल बनवायचे. मदर नि डॉटर हा प्रकार मुळात नाही. अट एकच, जागेतला प्रत्येक बिंदू बरोब्बर एकाच रीजनमध्ये पडला पाहिजे, दोनात नाही आणि एकातही नाही असंही नाही. झाडाचं सपाटीकरण करता येतं म्हणून जिअँट फोरकडून फ्लूकाकडे जाता येतं, पण सपाट गोष्टीतून मूळ झाड परत उभं करणं जवळपास अशक्य, आकार मिळतील पण रचना गेली ती गेलीच.

कॅड, म्हणजे मेकॅनिकलवाल्यांचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, हे तिसरंच. त्यात फक्त बाहेरचा पृष्ठभाग असतो, आत लोखंड आहे का हवा हे सिम्युलेशनला कळेल अशा भाषेत बहुतेक वेळा नसतंच.

जिअँट फोरची पहिली प्रॉडक्शन आवृत्ती डिसेंबर १९९८ मध्ये आली, त्याआधीचं जिअँट थ्री फोरट्रानमध्ये होतं. सी प्लस प्लसमध्ये आल्यावर प्रत्येक प्रयोगाची भूमिती त्या त्या प्रयोगाच्या कोडमध्ये अडकून बसली, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला ती वाचायची तर तुमचा अख्खा कोड कंपाइल करा. यावरचा उतारा म्हणून जीडीएमएल आलं. एक्सएमएलमध्ये लिहिलेली भूमिती, साधी टेक्स्ट फाइल, कंपाइल करायची गरज नाही, जिअँट फोरला वाचता येते, लिहिता येते, रूटलाही येते.

पायरी १: मालक कोण ते ठरवा

टायपिंग सुरू करायच्या आधी ग्रुपमध्ये एक गोष्ट स्पष्ट करून घ्या, की खरं वर्णन कुठलं आणि कॉप्या कुठल्या. खरं वर्णन सी प्लस प्लस कोड असेल तर जीडीएमएल फाइल ही फक्त तयार झालेली वस्तू, तिला हात लावायचा नाही, बदल करायचा तर कोडमध्ये करून पुन्हा एक्सपोर्ट. खरं वर्णन जीडीएमएल फाइल असेल तर मग जिअँट फोरच्या कोडमध्ये एकही बॉक्स नको, सगळं फाइलमधून वाचायचं. अर्धं इथे अर्धं तिथे असं केलंत की संपलं.

मोठे प्रयोग यावर आपापल्या परीने वेगळे गेलेत. सर्नच्या एलएचसी कोलायडरवरच्या सीएमएस आणि एलएचसीबी प्रयोगांनी तिसऱ्या रनसाठी डीडी-फोर-हेप हे भूमितीचं टूलकिट घेतलं, अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरचा एपिक डिटेक्टरही त्यातच लिहिलाय. तिथे मापं एक्सएमएलमध्ये असतात, बांधणीचा कोड सी प्लस प्लसमध्ये, मेमरीत ती रूटची भूमिती असते आणि तिच्यातून जिअँट फोरची बनते. एलएचसीवरच्याच अ‍ॅटलासचं स्वतःचं जिओमॉडेल आहे. न्यूट्रिनोवाल्यांचं लार्सॉफ्ट हे सॉफ्टवेअर थेट जीडीएमएल वापरतं आणि तिथली एक गंमत शिकण्यासारखी आहे: द्रव आर्गॉनच्या डिटेक्टरमध्ये हजारो बारीक तारा असतात, त्या रिकन्स्ट्रक्शनला, म्हणजे सिग्नलवरून कणाचा मार्ग काढायला, लागतात पण जिअँट फोरला नुसता ताप देतात, म्हणून एकाच स्क्रिप्टमधून दोन फाइली काढतात, एक तारांसकट आणि एक तारांशिवाय. हातानं दोन फाइली ठेवत नाहीत, हे लक्षात घ्या.

तुमचा चार-पाच जणांचा ग्रुप असेल तर डीडी-फोर-हेप घेऊन बसू नका, शिकण्यातच सेमिस्टर जाईल. कोड किंवा जीडीएमएल, दोन्हीपैकी एक मालक, बस.

पायरी २: जीडीएमएल आहे का ते बघा

जिअँट फोर स्वतः बिल्ड केलं असेल तर जीडीएमएल आपोआप येत नाही. सीमेक चालवताना जिअँट फोर यूज जीडीएमएल हा पर्याय ऑन करावा लागतो आणि त्याला झर्सेस-सी ही एक्सएमएल लायब्ररी लागते, उबंटूवर तिचं डेव्हलपमेंट पॅकेज आधी टाका. आहे की नाही हे बघायला जिअँट फोर कॉन्फिग या कमांडला हॅज फीचर जीडीएमएल असं विचारा, ती येस किंवा नो सांगते. रूटलाही रूट कॉन्फिगला हॅज जीडीएमएल विचारता येतं. नो आलं तर पुन्हा बिल्ड करण्याला पर्याय नाही, चहा ठेवा.

पायरी ३: छोटा डिटेक्टर घ्या, खरा नको

सरळ तुमच्या प्रयोगाची भूमिती उचलू नका. ज्याचं वजन कागदावर काढता येईल असं काहीतरी घ्या. मी आयकलच्या धर्तीवरचं उदाहरण घेतो, म्हणजे टीआयएफआरच्या पुढाकाराने आखलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेचं लोखंडी कॅलरीमीटर, ज्याच्या आराखड्यात ५.६ सेंटीमीटर जाडीच्या लोखंडी थरांमध्ये ४ सेंटीमीटरच्या फटी आहेत आणि फटींत आरपीसी, म्हणजे रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर हे गॅस भरलेले कणशोधक, बसतात. पूर्ण आराखडा १५१ थरांचा, पण मदुराईला जो छोटा मिनी-आयकल उभा आहे त्यात ११ थर आहेत, तेवढेच आपण घेऊ, आणि प्लेट ठेवू १ मीटर बाय १ मीटर.

प्लेटा ११, फटी १०, म्हणजे एकूण उंची ६१.६ अधिक ४०, १०१.६ सेंटीमीटर. एका प्लेटच्या मध्यापासून पुढच्या प्लेटच्या मध्यापर्यंत ९.६. मधली, म्हणजे सहावी प्लेट शून्यावर ठेवली तर पहिली उणे ४८ वर नि शेवटची अधिक ४८ वर येते. वर्ल्ड ३ मीटरचा घन, हवेने भरलेला.

आता जीडीएमएल फाइल. तिच्यात पाच भाग याच क्रमाने येतात: डिफाइनमध्ये आकडे, पोझिशन, रोटेशन, मटेरियल्समध्ये मूलद्रव्यं आणि मिश्रणं, सॉलिड्समध्ये नुसते आकार, स्ट्रक्चरमध्ये व्हॉल्यूम आणि कोण कुणाच्या आत, आणि शेवटी सेटअप, ज्यात वर्ल्ड कुठलं ते एका ओळीत. स्ट्रक्चरमध्ये आतलं व्हॉल्यूम आधी आणि बाहेरचं नंतर लिहायचं, वर्ल्ड सगळ्यात खाली, कारण ज्याचा उल्लेख करायचा ते आधी वाचून झालेलं असावं लागतं.

इथेच पहिला खड्डा आहे आणि यात जवळपास प्रत्येक जण पडतो. जिअँट फोरच्या कोडमध्ये बॉक्सला अर्धी लांबी देतात. रूटच्या कोडमध्येही अर्धी. पण जीडीएमएलमध्ये बॉक्सला पूर्ण लांबी द्यायची! आपल्या प्लेटला कोडमध्ये ५००, ५००, २८ मिलिमीटर, आणि फाइलमध्ये १०००, १०००, ५६. नळीची आणि शंकूची झेडही फाइलमध्ये पूर्ण. आणि सगळीकडे पूर्ण असतं तर निदान एक नियम पाठ केला असता, पण लंबवर्तुळी नळीची मापं मात्र फाइलमध्येही अर्धीच असतात. त्यामुळे हाताने लिहिताना प्रत्येक नवीन आकाराला मॅन्युअल उघडा, अंदाज नको.

दुसरा खड्डा एककांचा. जीडीएमएलमध्ये एकक लिहिलं नाही तर जिअँट फोर लांबी मिलिमीटरमध्ये आणि कोन रेडियनमध्ये धरतं. म्हणजे नळीला डेल्टा-फाय ३६० लिहिलं नि डिग्री लिहायला विसरलात तर ते ३६० रेडियन झालं. प्रत्येक आकारावर लांबीचं नि कोनाचं एकक लिहायचं, कंटाळा आला तरी. रूट आतमध्ये नेहमीच्या सेटिंगला सेंटीमीटर वापरतं, फाइल वाचताना ते स्वतः बदल करून घेतं, पण तुम्ही रूटमध्ये मॅक्रो लिहून एखादा आकडा तपासत असाल तर तो सेंटीमीटरमध्ये येणार हे डोक्यात ठेवा.

अकरा प्लेटांसाठी अकरा ओळी हातानं लिहायच्या नाहीत. जीडीएमएलमध्ये लूपचा टॅग आहे, पण दुसऱ्याला द्यायच्या फाइलमध्ये मी तो टाळतो, पलीकडचा वाचक काय करेल याची खात्री कशाला ताणायची, दहा ओळींच्या पायथॉन स्क्रिप्टने सगळ्या ओळी छापून टाकायच्या.

पायरी ४: जिअँट फोरमधून बाहेर काढा

मालक कोड असेल तर फाइल हातानं लिहायचीच नाहीये. जीडीएमएल पार्सर नावाचा क्लास घ्या, रन इनिशियलाइझ झाल्यावर त्याच्या राइट फंक्शनला फाइलचं नाव आणि वर्ल्ड व्हॉल्यूम द्या, झालं. जिअँट फोरच्या एक्स्टेंडेड उदाहरणांत पर्सिस्टन्सी नावाच्या फोल्डरमध्ये जीडीएमएलची उदाहरणं आहेत, त्यातलं पहिलं, जी-झीरो-वन, वाचणं-लिहिणं दोन्ही दाखवतं, तिथूनच उचला.

दोन-तीन गोष्टींनी गोंधळ उडतो. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर राइट तिच्यावर लिहीत नाही, एरर देऊन प्रोग्रॅम थांबतो, तेव्हा आधी जुनी उडवा. मग फाइल उघडलीत की प्रत्येक नावाच्या शेवटी शून्य-एक्स आणि पुढे आकड्या-अक्षरांची शेपटी दिसेल, ती मेमरीतला पत्ता आहे, नावं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून जोडलेली. दिसायला घाण दिसते, आणि प्रत्येक वेळी चालवलं की बदलते, म्हणजे गिटमध्ये दोन आवृत्त्यांचा फरक बघायला गेलात तर अख्खी फाइल बदललेली दिसते. ही शेपटी बंद करता येते. पण बंद करायच्या आधी तुमच्या कोडमध्ये प्रत्येक आकाराला, व्हॉल्यूमला खरंच वेगळं नाव आहे का ते बघा. तीन वेगवेगळ्या प्लेटांना "प्लेट" हेच नाव दिलं असेल नि शेपटी काढलीत तर वाचणाऱ्याने कुठली प्लेट धरायची? आणि स्वतःच्या नावांत स्पेस, स्लॅश, शून्य-एक्स असलं काही घालू नका.

फाइल वाचताना जिअँट फोर तिची स्कीमाशी, म्हणजे फाइल कशी लिहिलेली असावी याच्या नियमांशी, पडताळणी करतं आणि स्कीमाचा पत्ता बहुतेक फाइलींत सर्नच्या वेबसाइटचा असतो. लॅपटॉपवर चालतं, क्लस्टरच्या नोडवर टाकलं की मरतं, कारण नोडला बाहेरचं इंटरनेट नसतं. रीड फंक्शनचा दुसरा आर्ग्युमेंट फॉल्स द्या, किंवा स्कीमाच्या फाइली शेजारी ठेवून पत्ता तिकडे वळवा. हे माहीत नसेल तर माणूस दिवसभर क्लस्टरला शिव्या देत बसतो.

पायरी ५: रूटमध्ये उघडा

इथे काही कठीण नाही. जिओ मॅनेजरच्या इम्पोर्टला फाइलचं नाव द्या, टॉप व्हॉल्यूम ओपन-जीएलमध्ये काढा, माउसने फिरवा. लगेच ओव्हरलॅपची तपासणीही करा, चेक ओव्हरलॅप्सला सहनशीलता ०.००१ द्या, ती सेंटीमीटरमध्ये असते, म्हणजे १० मायक्रॉन. जिअँट फोरमध्येही जिओमेट्री टेस्ट रन ही कमांड चालवा. दोघांची तपासायची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं, आणि हा भूमिती शेअर करण्याचा फुकटचा फायदा आहे, नुसत्या तपासणीसाठीसुद्धा रूटमध्ये नेऊन बघणं वसूल होतं.

वाचताना एरर आली तर पहिला संशय मटेरियलवर घ्या. जिअँट फोरमध्ये जी-फोर-अंडरस्कोर-एफई असं नाव लिहिलं की ते आपल्याकडच्या ठरीव मटेरियलांच्या (निस्टच्या) यादीतून लोखंड शोधून आणतं, फाइलमध्ये व्याख्या नसली तरी. रूटकडे ती यादी नाही. त्यामुळे हातानं लिहिलेली फाइल जिअँट फोरमध्ये मस्त चालते आणि रूटमध्ये पडते. जिअँट फोरने स्वतः लिहिलेल्या फाइलमध्ये व्याख्या पूर्ण असतात, तिथे हा प्रश्न नाही.

पायरी ६: वजन करा

आता मुख्य गोष्ट. लोखंडाची घनता ७.८७४ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. आपली प्लेट १०० गुणिले १०० गुणिले ५.६, म्हणजे ५६,००० घन सेंटीमीटर, वजन ४४०.९ किलो. अकरा प्लेटा ४,८५० किलो. हा आकडा कागदावर लिहा आणि मग मशीनला विचारा.

जिअँट फोरमध्ये लॉजिकल व्हॉल्यूमला गेट मास आहे, रूटमध्ये व्हॉल्यूमला वेट आहे, ते उत्तर किलोमध्ये देतं. आधी एका प्लेटचं विचारा. उत्तर ५५ किलो आलं तर ओळखा की तिन्ही मापं अर्धी झालीत, एक अष्टमांश वजन म्हणजे अर्धी-पूर्ण लांबीचाच घोळ. ३,५२७ किलो आलं तर उलटा घोळ, दुप्पट झालीत. ४४० टन आलं तर मिलिमीटरचे आकडे सेंटीमीटर म्हणून गेलेत, तिन्ही दिशांना दहापट म्हणजे हजारपट. बघा, चूक कुठली ते वजनच सांगतं. चित्रात या तिन्ही प्लेटा डिट्टो सारख्या दिसतात कारण व्ह्यूअर स्वतः झूम करून पडद्यावर बसवतो.

मग वर्ल्डचं वजन विचारा, आणि ते ४,८५० पेक्षा जास्त आलं म्हणून घाबरू नका, २७ घन मीटर हवेचंही वजन असतं, बत्तीस किलोच्या आसपास. रूटच्या वेटला अचूक गणिताचा पर्याय आहे आणि बिंदू फेकून अंदाज काढायचाही, अंदाजाचा वापरलात तर एक टक्क्याच्या आतला फरक सोडून द्या.

वजन जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही, प्लेटा भलतीकडे सरकल्या तरी वजन तेवढंच राहणार. म्हणून दुसरी तपासणी, सरळ रेषेत किती मटेरियल लागतं ती. जिअँट फोरमध्ये मॅट-स्कॅन नावाच्या कमांडी आहेत, त्या जिअँटिनो नावाचा कशाशीच टक्कर न घेणारा कण सोडतात आणि वाटेतल्या रेडिएशन लेंथ (मटेरियलची जाडी कणाच्या दृष्टीने किती, याचं माप) मोजतात. आपल्या डिटेक्टरच्या मधून सरळ झेड दिशेने सोडलात तर ६१.६ सेंटीमीटर लोखंड, लोखंडाची रेडिएशन लेंथ १.७५७ सेंटीमीटर, म्हणजे ३५ च्या जवळ यायला हवं. मग तिरक्या पाच-सहा कोनांतून तेच करा, आणि एक्सपोर्ट केलेली फाइल परत जिअँट फोरमध्ये वाचून तेच कोन पुन्हा. आकडे शेजारी शेजारी ठेवा. खऱ्या डिटेक्टरला हे शेकडो कोनांतून करतात आणि आलेख काढतात, कुठे फट पडलीये ते लगेच दिसतं.

गॅसचं वेगळं सांगतो

आता फटींत आरपीसी बसवायचे म्हटले की गॅस आला, आणि गॅसचं मिश्रण दोन भाषांत बोललं जातं. गॅस सिस्टिम सांभाळणारे आकारमानाने टक्के सांगतात, जिअँट फोरला आणि जीडीएमएलला वजनाने अंश लागतो. आर-१३४ए ९५.२, आयसोब्युटेन ४.५ आणि एसएफ-६ ०.३ असं मिश्रण सांगितलं तर ते आकारमानाने आहे. प्रत्येकाला रेणुभाराने, म्हणजे १०२, ५८ आणि १४६ ने गुणून बेरजेने भागा, वजनाने आयसोब्युटेन ४.५ चं २.६ टक्के होतं आणि एसएफ-६ ०.३ चं ०.४४. गॅस हलका असल्याने वजनाच्या तपासणीत हे सापडणार नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. घनता कुठल्या तापमानाला, कुठल्या दाबाला धरली तेही लिहून ठेवा.

फिरवणं: इथे कुणावर विश्वास ठेवू नका

रोटेशन ही भूमिती शेअर करण्यातली सगळ्यात वाईट भानगड. जिअँट फोरच्या कोडमध्येच प्लेसमेंट दोन तऱ्हेने देता येते, एका तऱ्हेत तुम्ही आकार फिरवता आणि दुसऱ्या तऱ्हेत मदरची चौकट फिरवता, म्हणजे तोच कोन दिला तरी दिशा उलटी. जीडीएमएलमध्ये प्लेसमेंटचं रोटेशन चौकटवालं आहे, पण दोन आकार जोडताना किंवा वजा करताना जे रोटेशन देतात ते आकार फिरवणारं. एकाच फाइलमध्ये दोन नियम! त्यात एक्स, वाय, झेड या तिन्हींभोवती कोन असतील तर क्रमही आडवा येतो.

बॉक्स १८० अंशांत फिरवून तपासलं तर काहीच कळत नाही, तो दोन्हीकडून सारखाच दिसतो. त्यासाठी मुद्दाम बेढब आकार करा. इंग्रजी एल अक्षरासारखा, ज्याचे दोन हात वेगळ्या लांबीचे नि वेगळ्या जाडीचे आहेत, तो आधी फक्त झेडभोवती ३० अंश, मग एक्सभोवती २० आणि झेडभोवती ३० असा फिरवून दोन्ही प्रोग्रॅममध्ये ठेवा आणि एका टोकाच्या बिंदूपाशी कुठलं व्हॉल्यूम आहे ते दोघांनाही विचारा. रूटला फाइंड नोडने विचारता येतं, जिअँट फोरला नॅव्हिगेटरने. उत्तर एकच आलं तर पुढे जा.

काय जात नाही

आकार, मटेरियल, जागा एवढंच जातं असं धरून चाला. चुंबकीय क्षेत्र जात नाही. म्हणजे आयकलसारख्या डिटेक्टरमध्ये, जिथे दीड टेस्लाच्या आसपासचं क्षेत्र हाच म्युऑनचा विद्युतभार ओळखण्याचा उपाय आहे, तिथे क्षेत्राचा नकाशा वेगळा द्यावा लागतो, आणि त्याची एककं नि शून्यबिंदू भूमितीशी जुळतात का ते वेगळं बघावं लागतं. कुठलं व्हॉल्यूम सेन्सिटिव्ह आहे हेही आपोआप जात नाही, त्यासाठी जीडीएमएलमध्ये ऑक्झिलरी नावाचा टॅग आहे, त्यात व्हॉल्यूमला एक चिठ्ठी लावता येते, पण चिठ्ठी वाचून सेन्सिटिव्ह डिटेक्टर जोडायचं काम तुमच्याच कोडचं. उदाहरणांतलं जी-झीरो-फोर हेच दाखवतं. ऑप्टिकल पृष्ठभाग जीडीएमएलमध्ये लिहिता येतात, जिअँट फोर ते नीट वाचतं, बाकीच्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. पिळलेले आकार रूटकडे सगळे नाहीत.

फ्लूकाकडे जाताना

यासाठी आता बरं हत्यार आहे, पाय-जी-फोर-ओमेट्री नावाची पायथॉन लायब्ररी, लंडनच्या रॉयल हॉलोवेतून आलेली, पिपने बसते. जीडीएमएल वाचते, फ्लूकाची भूमिती लिहिते, रूट आणि स्टेप फाइलीही वाचते. आपलं अकरा प्लेटांचं उदाहरण तिच्यातून सरळ पार होतं.

खरा डिटेक्टर मात्र अडतो, आणि का अडतो ते समजून घ्या. जिअँट फोरमध्ये मदरच्या आत डॉटर ठेवली की तेवढी जागा मदरमधून आपोआप वजा होते. फ्लूकात ती वजाबाकी स्पष्ट लिहावी लागते, म्हणजे हजार डॉटर असलेल्या मदरचं रीजन म्हणजे हजार वजाबाक्यांची एक लांबलचक ओळ. त्यात मूळ आकारच जोड-वजा करून बनवलेले असतील तर ती ओळ फुगतच जाते. म्हणून फ्लूकाकडे पाठवायची भूमिती मुद्दाम सोपी करा, मधे मधे रिकाम्या डब्यांसारखी व्हॉल्यूम घालून डॉटर वाटून घ्या, रेडिएशनच्या गणिताला प्रत्येक स्क्रू लागत नाही.

दुसरं, दोन व्हॉल्यूम एकाच प्रतलावर एकमेकांना चिकटून असतील तर बदलताना शेवटच्या दशांशात फरक पडतो आणि मधे केसभर फट किंवा केसभर ओव्हरलॅप तयार होतो. जिअँट फोर ते चालवून घेतं, फ्लूका "हा बिंदू कुठल्याच रीजनमध्ये नाही" म्हणून ओरडतं. इनपुट फाइलमधल्या जिओएंड कार्डावर (ओळीवर) डीबग लावून तपासणी करा, आणि फ्लेअर या फ्लूकाच्या ग्राफिकल इंटरफेसमध्ये वेगवेगळ्या छेदांत बघा. फ्लूकाची लांबी सेंटीमीटरमध्ये, नावं आठ अक्षरांची, त्यामुळे तुमची लांब नावं तुटून जातील, कुठलं नाव कशाचं ही यादी तेव्हाच सेव्ह करा, नंतर कुणालाच आठवत नाही. आणि सगळ्यात बाहेर ब्लॅकहोल मटेरियलचं, म्हणजे आलेला प्रत्येक कण गिळणारं, रीजन लागतं, ते आलंय का बघा.

स्टेप फाइल आली तर

मेकॅनिकलवाल्यांची स्टेप फाइल थेट सिम्युलेशनमध्ये ओतायचा मोह होतो. होतंही ते, पृष्ठभागाचे त्रिकोण पाडून टेसलेटेड आकार म्हणून जीडीएमएलमध्ये घालता येतो. पण एका बोल्टच्या आट्यांचे हजारो त्रिकोण होतात, ट्रॅकिंग रांगतं, आणि कुठे एखादा त्रिकोण उघडा राहिला तर कण आत गेला का बाहेर हेच प्रोग्रॅमला ठरवता येत नाही. माझं मत विचाराल तर स्टेप फाइल फ्रीकॅडमध्ये उघडायची, मापं वाचायची आणि बॉक्स-नळ्या आपल्या आपण लिहायच्या. एखादाच वाकडातिकडा भाग, मॅग्नेटचा पोल वगैरे, तेवढा टेसलेटेड घ्यायचा, तोही बोल्ट, भोकं, गोलाई काढून टाकल्यावर. इथेही वजन कामाला येतं, मेकॅनिकलवाल्यांकडे प्रत्येक भागाचं वजन असतं, ते मागून घ्या आणि तुमच्या सोप्या केलेल्या भागाशी लावून बघा, पाच टक्क्यांच्या वर गेलं तर तुम्ही जरा जास्तच सोपं केलंय.

दुसऱ्याला फाइल पाठवताना

नुसती जीडीएमएल फाइल मेलला जोडून पाठवू नका. सोबत एक छोटी टेक्स्ट फाइल द्या: जिअँट फोरची आणि रूटची आवृत्ती, मालक कोडचा गिट कमिट, शून्यबिंदू डिटेक्टरमध्ये कुठे आहे, झेड कुठल्या दिशेला आहे, चार-पाच मुख्य व्हॉल्यूमची वजनं, मॅट-स्कॅनचे पाच-सहा कोनांचे आकडे, आणि एल आकाराच्या चाचणीचा एक बिंदू व त्याचं उत्तर. घेणाऱ्याने आपल्याकडे उघडून हेच आकडे काढायचे आणि परत कळवायचं. ही तपासणी स्क्रिप्टमध्ये घालून ठेवली तर गिटमध्ये प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवता येते, आणि कुणी एखादी प्लेट सरकवली की त्याच संध्याकाळी कळतं.